रांगा सोडून राडा शोधणारी पत्रकारिता

१९९४ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांनी देशाचं सरकार निवडायला पहिल्यांदा मत दिलं. बीड जिल्ह्यात तालुका वार्ताहर म्हणून काम करताना त्या निवडणुकीच्या बातम्यांबद्दल जे वाचत आलो, त्यावर आज लिहायचंच आहे.

जगभरचे बातमीदार तिथं आले ते यादवी गृहीत धरून. हिंसा खरीच होती, माणसं मरत होती. पण एएनसी, म्हणजे नेल्सन मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, आणि इंकाथा हा झुलूंचा प्रतिस्पर्धी पक्ष यांच्यातल्या त्या रक्तपाताला नाव दिलं गेलं 'काळ्यांची आपसातली मारामारी', 'टोळ्यांचं वैर'. हा शब्द एकदा छापला की गोऱ्यांचं सरकार आपोआप बाजूला उभं राहिलेलं पंच ठरतं. प्रत्यक्षात इंकाथाच्या सभांना पोलीस खात्याचा गुप्त पैसा गेला होता. जुलै १९९१ मध्ये तिथल्याच 'वीकली मेल' या छोट्या साप्ताहिकानं ते उघड केलं. तरी जुनं लेबल चालूच राहिलं. मतदानाच्या तोंडावर जोहान्सबर्गमध्ये बॉम्ब फोडले ते गोऱ्या अतिरेक्यांनी. त्याला गोऱ्यांचं टोळीवैर म्हटलेलं मी तरी कुठं वाचलं नाही.

तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचं काय सांगावं! मंडेला तुरुंगात असेपर्यंत त्यांचा फोटो छापणं, त्यांचं म्हणणं देणं हा गुन्हा होता. ज्याचा चेहरा लोकांपासून लपवला, त्याच्याच विजयाची बातमी त्या पडद्याला द्यावी लागली. एएनसीला ६२ टक्क्यांहून जास्त मतं पडली. जवळपास दोन कोटी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. त्याच महिन्यात रवांडात वंशसंहार सुरू झाला होता, आणि बहुतेक कॅमेरे जोहान्सबर्गला अडकले होते. मला तर हाही पक्षपातच वाटतो.

या बातम्यांमागं एकच प्रश्न होता, 'यांना जमेल का?' आपल्यालाही तो विचारला गेलाय. निजामाच्या राज्यातून सुटून चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १९५२ साली मराठवाड्यानं मत दिलं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चिन्ह, कारण बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. देशात काँग्रेसची लाट असताना बीडनं डाव्यांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे लोकसभेत पाठवले, परभणीनं शेकापचे नारायणराव वाघमारे. या माणसांना काय हवं ते नीट कळत होतं. कोणीतरी विचारायला हवं होतं.

आजही मतदानाच्या दिवशी डेस्कवरून फोन येतो, 'काही राडा?' नाही म्हटलं की, 'मग शांततेत मतदान, दोन ओळी टाका.' २०२४ च्या नोव्हेंबरात एका जिल्हा परिषद शाळेच्या केंद्रावर ऊसतोडीचं एक जोडपं भेटलं. फडावरून रात्रभर टेम्पोत उभं राहून आलेलं. बाईच्या हातावर पाचटाचे ताजे ओरखडे, त्याच हाताच्या बोटाला शाई. खाडा पडला म्हणून मुकादम पैसे कापणार, हे माहीत असून आले होते. मी विचारलं तर म्हणाली, "कारखान्यावर लेकरांची शाळा बुडती, तेवढं बगा म्हणावं."

हे मी बातमीत लिहून पाठवलं. छापून आली ती फक्त टक्केवारी आणि कोणत्या जातीची मतं कुठं वळली याचा अंदाज. तो अंदाज माझ्या बातमीत नव्हता.