‘रक्तातच आहे’ म्हणून हात झटकू नका

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मतलब असा: बाप-आजा पिणारे असले की मुलगा पिणारच, ते रक्तातच असतं. मुलांसमोर विषय काढला तर उलट कुतूहल वाढतं. त्यापेक्षा सोळाव्या वर्षी घरीच थोडी चाखू द्या, म्हणजे बाहेर चोरून पिणार नाहीत. लोकमान्य नगरापासून सुदामा नगरापर्यंत बऱ्याच जणांनी हा मेसेज पुढे ढकललाय. मला तो घातक वाटतो, कारण ज्या घरांनी सावध व्हायचं त्यांनाच तो गाफील करतो.

आधी रक्ताचं. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ५० टक्के दिसतो, हे खरं. पण याचा अर्थ पिणाऱ्याच्या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के, असा होत नाही. धोका इतर मुलांपेक्षा काही पट जास्त असतो, तरीही यांतली बहुतेक मुलं व्यसनी होत नाहीत. आणि वारशात येतं तरी काय? अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. यांतल्या अनेकांना तेवढ्याच दारूची नशा इतरांपेक्षा कमी जाणवायची, आणि ज्यांना कमी जाणवायची त्यांना पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. लग्नाच्या वरातीत ‘मला तर चढतच नाही’ म्हणून मिरवणारा एखादा भाचा आठवतो ना? त्याची पाठ थोपटू नका. ज्याच्या घरी व्यसन आहे त्याच्यासाठी ती धोक्याची खूण आहे, आणि हे त्याला पहिला घोट घेण्याआधी कळायला हवं.

कळणार कसं, जर घरात कुणी बोलतच नसेल? आमच्या घराण्यात जे जे पुरुष दारूने गेले ते सगळे मुलांना सांगताना ‘काविळीने’ गेले. काकांचं पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि आम्हा पोरांना उत्तर एकच: कावीळ. शुगर-बीपीचा इतिहास आपण डॉक्टरला न विचारता सांगतो, हा मात्र लपवतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे: बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, आणि बरा करणं तुझं काम नाही. बारा-तेराव्या वर्षी स्पष्ट सांगावं की तुला धोका जास्त आहे. मित्रांना द्यायचं उत्तरही घरीच तयार करून घ्यावं: ‘आमच्याकडे हा आजार आहे, मी घेत नाही.’

‘घरीच चाखू द्या’ हा तर सर्वात वाईट सल्ला. ऑस्ट्रेलियात १९०० हून अधिक मुलांचा २०१० ते २०१६ असा मागोवा घेतला गेला. आईवडिलांनी दिलेल्या दारूने मुलांचं रक्षण झाल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. उलट ती मुलं पुढे बाहेरूनही मिळवू लागण्याची शक्यता वाढली. पंधराच्या आत सुरुवात करणाऱ्यांत पुढे व्यसनाचं प्रमाण, एकविशीत सुरुवात करणाऱ्यांच्या साधारण चौपट आढळलंय. शिवाय अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा तंबाखू देणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. तेव्हा ‘बेटा, कोपऱ्यावरून पाउच आण’ हेही आजपासून बंद करा.

आणि नजर फक्त बाटलीवर ठेवू नका. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या नशेचं, म्हणजे सोल्युशन, व्हाइटनर वगैरेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं: १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८.

घरात आज कुणी पीत असेल तर उपचार त्याच्यापासून सुरू करा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पिणारा तयार नसला तरी बायकोने, आईने फोन करावा आणि पुढे काय करायचं ते विचारून घ्यावं.