विहिरीच्या पाण्यावर ही पद्धत टिकेल का?

पाण्यातील नायट्रेटपासून विजेच्या साहाय्याने अमोनिया परत मिळवण्याविषयीच्या पीएचडी संशोधनावरील हा लेख मी दोनदा वाचला. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ठिबकमधून दिलेल्या खतातील जो नत्र मुळे उचलत नाहीत, तो नायट्रेटच्या रूपाने झिरपून विहिरीत उतरतो, आणि आमच्या विहिरीच्या तपासणीत त्याचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर निघाले.

खतासाठी अमोनिया बनवण्याच्या नेहमीच्या हेबर-बॉश प्रक्रियेला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो, तर हे काम साध्या तापमानाला होते, हे खरेच मोलाचे आहे. मात्र एका नायट्रेट आयनाचा अमोनिया होण्यास ८ इलेक्ट्रॉन लागतात. अभिक्रिया वाटेत नायट्राइट या मधल्या टप्प्यावरच थांबली किंवा वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यात खर्ची पडली, तर हिशेब बिघडतो. माझी मुख्य शंका आमच्या क्षारयुक्त, जड पाण्याविषयी आहे. ड्रिपरच्या तोंडाशी जो पांढरा, खरखरीत थर साचतो आणि आम्हाला आम्ल सोडून धुवावा लागतो, तसाच थर कॅथोडवरही (जेथे अमोनिया तयार होतो त्या ऋण इलेक्ट्रोडवरही) बसणार, कारण तेथील पाणी अभिक्रियेमुळे अल्कधर्मी होते. प्रयोगशाळेतील शुद्ध द्रावणाऐवजी अशा पाण्यात इलेक्ट्रोड किती तास टिकला, हे संशोधकांनी कृपया सविस्तर लिहावे.