असू दे, लागेल

महाराष्ट्रातले कोरोनाचे निर्बंध २ एप्रिल २०२२ ला, म्हणजे गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर उठले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. टीव्हीखालच्या खणापर्यंत मात्र या दोन्ही बातम्या अजून पोचलेल्या नाहीत.

कोरोनाकाळातल्या वस्तूंचा हा खण आता घरोघरी आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरून होतो, लोणच्याच्या बरण्या होतात, देवाची भांडी लख्ख होतात आणि हा खण उघडून पुन्हा लावला जातो. त्यातली एकेक वस्तू बाहेर काढावी, तर स्वयंपाकघरातून न बघताच हुकूम सुटतो, ‘असू दे, लागेल.’ या तीन शब्दांवर मराठी माणसाचं निम्मं घर उभं आहे. तरीही कोणाला हा खण आवरायचाच असेल, तर पुढच्या धोक्यांची कल्पना असलेली बरी.

सगळ्यात वर ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते बोटावरून सांगणारा. त्यात रिमोटचे बारीक सेल दोन, आणि ते काढून ठेवायचं कोणालाही सुचलेलं नसतं. सेल पाझरतात, स्प्रिंगवर पांढरट पूड जमते. ती बुरशी नव्हे, अल्कली आहे. इअरबडवर व्हिनेगरचा नाहीतर लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पुसावी, कोरडं करावं, नवे सेल घालावेत. यंत्र बहुतेक वेळा चालू होतं, आणि फसगत होते ती इथेच. चालू वस्तू मराठी घरातून टाकता येत नाही. शिवाय घरातला जो तो येऊन त्यात बोट घालतो. ज्याला ९९ येतात तो दहावीचा निकाल लागल्यासारखा इकडेतिकडे बघतो. ९६ वाला गप्प बसतो आणि हळूच दुसरं बोट घालून बघतो. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो आणि त्यावरून हिशेब लागतो. त्यामुळे नेलपॉलिश, गडद मेंदी किंवा गारठलेली बोटं असतील तर आकडा घसरतो. आधी हात चोळावेत, मग घाबरावं.

२०२१ च्या उन्हाळ्यात याच यंत्रासाठी सहा मिनिटं चालायची चाचणी होती. आधी मोजा, सहा मिनिटं चाला, पुन्हा मोजा. ९४ च्या खाली गेलात तर डॉक्टरला फोन. डोंबिवलीच्या वन-बीएचकेत सहा मिनिटं चालायचं म्हणजे सोफ्याला प्रदक्षिणाच. वडाला सात फेऱ्या पुरतात, इथे मोजायचं सोडूनच द्यावं लागे. दारातून कोणीतरी घड्याळ धरून उभं आणि आत बाबा फेऱ्या मारताहेत, हे दृश्य ज्या घराने पाहिलंय, त्या घरात ऑक्सिमीटर टाकण्याची भाषा कोणी करू नये.

त्याखाली थर्मामीटरची बंदूक. ही कपाळापासून तीन ते पाच सेंटीमीटरवर धरायची असते. सोसायटीच्या गेटवर ती मनगटावर धरली जायची आणि आकडा न बघताच ‘जावा साहेब’ म्हटलं जायचं. आता घरातल्या सगळ्यांना ती चौतीस अंश दाखवत असेल, तर कोणी गार पडलेलं नाही. बंदूक वस्तूंच्या मोडवर गेली आहे, बटण दाबून शरीराच्या मोडवर आणावी. वस्तूंच्या मोडवर आंघोळीचं पाणी बघता येतं. डोशाचा तवा बघायला जाऊ नये. बहुतेक बंदुका शंभराच्या पुढे हात टेकतात. चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर तर ती धडधडीत खोटं बोलते, कारण चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, दुसऱ्याचीच परावर्तित करतो. (असे नातेवाईकही असतात, पण तो वेगळा लेख.)

सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन खणात मावत नाही, तो खणाच्या शेजारी असतो. बूच सैल राहिलं असेल तर अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि आपण चिकट पाणी जपत असतो. दम शिल्लक असेल, तर नव्या डब्यांवरच्या स्टिकरचा डिंक आणि शर्टाच्या खिशावरचा बॉलपेनचा डाग काढायला याच्याइतकं गुणी काही नाही. चष्म्याला लावू नये, काचेवरचं कोटिंग जातं. आणि देवघराजवळ तर अजिबात ठेवू नये. ७० टक्के अल्कोहोल आणि निरांजन यांची भेट घडवून आणण्यात पुण्य नाही. त्याच्याच बाजूला हायपोक्लोराइटची, म्हणजे फरशी पुसायच्या जंतुनाशकाची बाटली असेल, तर ती संडासाच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि मग तो ऑक्सिमीटर खरोखरच लागतो.

मास्क किती आहेत ते मोजू नये. एन-९५ धुतलेला असेल तर तो फक्त आकाराने एन-९५ आहे, कारण त्याच्या मधल्या थरातल्या धाग्यांवर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून धरतो आणि साबणाने निघून जातो. आपण तो धुऊन, चिमटा लावून, ऊन दाखवून घडी घालून ठेवलेला असतो. न धुतलेल्यांच्या इलॅस्टिकने मान टाकलेली असते. वापरलेले मास्क टाकताना कापून टाकावेत, म्हणजे कोणी पुन्हा विकत नाही. पण पैठणीच्या काठाचा मास्क कापणार कसा? त्यावर जरीची नथ आहे! नाक झाकायचं आणि झाकलेल्या नाकावर नथ काढायची, हा तोडगा आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचला नसता. पन्नास माणसांतली लग्नं लागली, पुढे २०२१ च्या एप्रिलात पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकली, तरी नथीवाचून अडू दिलं नाही.

वाफाऱ्याचं मशीन बिघडलं म्हणून टाकायला काढलं असेल, तर थांबा. स्वस्तातल्या मशीनमध्ये दोन पट्ट्या असतात आणि वीज पाण्यातूनच वाहते. आरओचं पाणी घातलं की क्षार नसल्यामुळे वाफच येत नाही. नळाचं पाणी घालावं, किंवा चिमूटभर मीठ. चमचाभर घातलं तर उकळी उडून तोंड भाजतं. वाफेने कोरोना मरत नाही हे तेव्हाही डॉक्टर सांगत होते; पण नाक मोकळं झाल्यावर माणूस डॉक्टरचं ऐकत नाही.

काढ्याची पूड मात्र वाया घालवू नये. आयुष मंत्रालयाचं प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. नीट बघितलंत तर हा वेलदोडा विसरलेला चहाचा मसाला आहे. वास शिल्लक असेल तर वेलदोडा घाला आणि संपवा. कोणाला सांगू नका.

तळाशी कागद. लसीचं प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये चढायला दुसऱ्या डोसनंतर चौदा दिवस भरावे लागत. तेव्हा हे कार्ड लोकांनी कुंडलीपेक्षा जास्त वेळा दाखवलं. आता विचारत कोणी नाही, पण लॅमिनेट केलेली वस्तू फाडता येत नाही, हा तिचा मुख्य गुण. त्यामुळे ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवावी. तिथे कायमची सोय होते.

त्याच्याही खाली, खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राला चिकटून, कॅलेंडरच्या पानाची पाठकोरी बाजू निघते. त्यावर घाईघाईने लिहिलेले फोन नंबर. पुढे ‘सिलेंडर’, ‘बेड’, ‘ॲम्ब्युलन्स – रात्री पण’. काही नंबरांवर काट मारलेली. एकाला दोनदा गोल केलेला, पेन इतकं दाबून की गोल मागे उमटलाय.

याच्याबद्दल स्वयंपाकघरातून ‘लागेल’ येत नाही. नुसतं ‘असू दे’ येतं, तेही जरा उशिरा.

मग सगळं होतं तसं आत ठेवायचं. खण लावताना वाफाऱ्याच्या मशीनची वायर हमखास बाहेर राहते आणि फटीत अडकते. ती आधी आत घ्यावी.