लेबनॉनचा तो फॉरवर्ड: वाटा कुणी कुणाला दिला?

लेबनॉनवरचा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: लेबनॉन ख्रिश्चन देश होता, बैरुत म्हणजे पूर्वेचं पॅरिस, झकास लोकशाही होती, मग मुस्लिम वाढले, त्यांना सत्तेत वाटा दिला, धर्मयुद्ध पेटलं आणि देश बुडाला, कारण धार्मिक माणसाला लोकशाही नकोच असते; तो वाटा रद्द करा, प्रश्न मिटला. ज्यांनी पाठवलाय ती आपलीच माणसं आहेत, त्यांच्याशी भांडण नाही, पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे नाहीतर सरळ उलटं.

"ख्रिश्चन देश होता" हे आधी घेऊ. आजचा लेबनॉन १९२० मधे फ्रेंचांनी आखला. त्याआधी होता तो माउंट लेबनॉन, डोंगराळ छोटा मुलूख, मॅरोनाइट ख्रिश्चन (रोमच्या पोपला मानणारा तिथला पंथ) आणि द्रूझ (इस्लाममधून फुटून निघालेला छोटा पंथ) लोकांचा. पहिल्या महायुद्धात तिथे भयंकर दुष्काळ पडला, माणसं भुकेनं मेली, आणि मग मॅरोनाइट धर्मगुरू हुवायक १९१९ ला पॅरिसला गेले आणि मोठा देश मागितला, बेका खोऱ्याची शेतजमीन पाहिजे, त्रिपोली-सिदोनसारखी बंदरं पाहिजेत. ती मिळाली, आणि जमिनीबरोबर तिथले सुन्नी आणि शियाही आलेच की! १९३२ च्या जनगणनेत देशात राहणाऱ्यांत ख्रिश्चन जेमतेम निम्मे भरले. आणि त्यानंतर तिथे जनगणनाच झालेली नाही, कारण आकडा बाहेर आला की वाटणीचा हिशोब कोणीतरी मागणार. आज मुस्लिम जास्त आहेत यावर सगळ्या अंदाजांचं एकमत आहे, ते खरंच आहे, पण त्यात ख्रिश्चनांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं स्थलांतरही धरायला लागतं.

"मग वाटा दिला" म्हणजे तर कमालच. वाटा पहिल्या दिवसापासून होता आणि झुकता होता ख्रिश्चनांकडे. १९४३ चा तोंडी करार, कुठे कागद नाही: राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी, पुढे सभापतिपद शियांकडे, आणि संसदेत दर ५ मुस्लिम खासदारांमागे ६ ख्रिश्चन. यादवी युद्ध संपवायला झालेल्या १९८९ च्या ताइफ करारानं ते निम्मं-निम्मं केलं. आज १२८ पैकी ६४ जागा ख्रिश्चनांच्या. अंदाजे एक तृतीयांश लोकांना निम्मी संसद, तर लाड नक्की कुणाचे झाले ते मेसेजवाल्यानं सांगावं.

धर्मयुद्धाबद्दल, म्हणजे १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धाबद्दल, फार लिहीत नाही, एवढंच की दोन धर्म समोरासमोर असं सरळ चित्र नव्हतं. १९७६ मधे सीरियाचं सैन्य आत आलं ते हरायला लागलेल्या मॅरोनाइट बाजूला वाचवायला, शेवटी शेवटी अमल आणि हिजबुल्ला हे दोन शिया गट एकमेकांना मारत होते आणि १९९० मधे लष्करप्रमुख मिशेल औनचं सैन्य विरुद्ध ख्रिश्चन सशस्त्र गटाच्या समीर जाजाचे लढवय्ये, दोघंही मॅरोनाइट. त्याच औननी २००६ मधे हिजबुल्लाशी करार केला, सही कुठे तर चर्चमधे. आणि युद्ध पेटलं तेव्हा ते थांबवा म्हणून बैरुतच्या मशिदीत उपोषणाला कोण बसलं होतं, तर शियांचे इमाम मूसा सद्र.

आता मुख्य मुद्दा, धार्मिक माणसाला लोकशाही नको. इथे श्रद्धा आणि जमात या दोन गोष्टींची खिचडी केलीये. सत्तरच्या दशकात "धर्मावर जागा नकोत, साधं एक माणूस एक मत करा" असं कोण म्हणत होतं? डावे आणि मुस्लिम पक्ष. नको कोण म्हणत होतं, तर मॅरोनाइट पुढारी. यात कुराण-बायबल कुठे आलं? मोजणी झाली तर कुणाचं वाढणार आणि कुणाचं जाणार, एवढंच. मागणीचा म्होरक्या कमाल जुंबलात स्वतः द्रूझ, छोट्या जमातीचा, आणि कितीही मोठा पुढारी झाला तरी राष्ट्राध्यक्ष होणं त्याच्या नशिबात नव्हतं, करारच तसा. उलट ज्यांच्याकडे बंदुका आहेत त्या हिजबुल्लाला ताइफनंतरच्या वाटणीतही वर्षानुवर्षं फारसं अडलं नाही. म्हणजे एकाच धर्माची माणसं आपली जमात कुठे बसलीये ते बघून लोकशाहीचा अर्थ बदलतात. लोकशाही बरी का, असं विचारलं तर पाहण्यांमधे बहुतेक लेबनीज हो म्हणतात, गाडी अडते ती कोणती लोकशाही यावर.

आणि जमात सुटू नये याची सोय कायद्यानंच केलीये. मतदान राहता तिथे नाही, वडिलोपार्जित गावी, बायकांनी लग्नानंतर नवऱ्याच्या. २०१८ पर्यंत सरकारी छापील मतपत्रिकाच नव्हती, पक्षवाले आपल्या चिठ्ठ्या वाटायचे, नावांचा क्रम असा लावायचे की कुणाच्या घरानं कुणाला मत दिलं ते मोजताना कळावं. लग्न-घटस्फोट आपापल्या धर्माच्या कोर्टात, नोंदणी लग्नाचा देशात कायदाच नाही, म्हणून जोडपी विमानानं सायप्रसला जाऊन सह्या करून येतात आणि तेच लग्न लेबनॉन सरकार मान्य करतं (हे मला आजही अफाट वाटतं).

एवढं असून १७ ऑक्टोबर २०१९ ला काय झालं? सरकारनं व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर कर लावायचं ठरवलं, हो, ज्याच्यावरून हा मेसेज आला तेच, आणि सुन्नी त्रिपोलीपासून शिया नबातियेपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. घोषणा होती "सगळे म्हणजे सगळे", म्हणजे आमच्या जमातीचा पुढारीसुद्धा जाऊ दे. दहा दिवसांनी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मानवी साखळी झाली. नबातियेत निदर्शकांना मारहाण केली ती शिया पक्षांच्याच समर्थकांनी, स्वतःच्याच जमातीच्या पोरांना.

मेसेज म्हणतो वाटा रद्द करा, प्रश्न मिटला. ते तर लेबनॉनच्या घटनेतच लिहिलंय, कलम ९५: धर्मावर आधारलेली राजकीय वाटणी टप्प्याटप्प्यानं बंद करायची, त्यासाठी संसदेनं राष्ट्रीय समिती नेमायची. ताइफला तीसहून जास्त वर्षं झाली, ती समिती काही नेमली गेली नाही, कारण नेमायची ज्यांनी ते सगळे याच वाटणीतून निवडून आलेत.