चिरा काळा कशाला रंगवलात?

सकाळपासून एकच जलरंगातलं चित्र फिरतंय. जुन्या फोटोवरून रंगवलेली वेंगुर्ल्याची बाजारपेठ. खाली 'वा', 'जिवंत', 'बालपण आठवलं'चा पूर. आणि दुकानांच्या भिंती? काळ्याभोर! अहो, जांभ्याचा, म्हणजे तांबड्या दगडाचा मुलूख तो. त्याचाच कापलेला ठोकळा म्हणजे चिरा. तिथल्या भिंतीला देशावरचा काळा दगड कुठून आणलात?

कुठून आणला ते कळतं म्हणा. फोटोत भिंत काळी दिसते म्हणून. पण ती फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. तिला निळं-हिरवं दिसतं, लाल दिसतच नाही. त्यामुळे चिरा, कौलं, लाल लुगडं सगळं काळं, आणि निळं आभाळ पांढरंफटक. लालसकट सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म निघाल्यावरही हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात बरीच वर्षं ऑर्थोच असायची. कोडॅकची व्हेरिक्रोम ही ऑर्थो फिल्म आली १९३१ साली, तिची पॅन आवृत्ती १९५६ साली. तेव्हा चाळीसच्या दशकातल्या फोटोतला काळा रंग लगेच खरा मानू नये.

याच चित्रात आभाळ ढगाळ केलंय, आणि पागोळीखाली सावली सुरीने कापल्यासारखी. ढगाळ दिवशी अशी सावली पडते? फोटोतलं आभाळ कोरं होतं कारण ते निळं होतं!

वर म्हणे आधी ॲपमधून फोटो रंगीत करून घेतला. झालं. ॲपला चिरा काय माहीत? ते भिंतीला बदामी नाहीतर करडा रंग देऊन मोकळं होतं. उजेड कुठून येतो हे पटकन बघायला ॲप ठीक आहे, तेवढं मान्य.

रंग शोधायचा तर इमारतीकडे जा. मालकाला विचारून चौकटीमागे, पाटीमागे, जिथे रंगाऱ्याचा ब्रश आणि पाऊस दोन्ही पोचत नाहीत, तिथे दोन बोटं जागा ब्लेडने तिरकी खरवडा. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून घासा. कोरडा घासू नका, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. एकाखाली एक थर उघडे पडतात: डिस्टेंपर, नीळ घातलेला चुना, त्याखाली कधी पिवडी म्हणजे पिवळी माती, कधी गेरू. दोन थरांमध्ये धुळीची काळी रेघ जाड असेल तर मधली बरीच वर्षं रंग लागला नव्हता असं समजा. निळीचा चुना फोटोत पांढरा येतो, पिवडी आहे त्यापेक्षा गडद येते.

गिलावा नसलेल्या चिऱ्याला बर्न्ट सिएना आणि लाइट रेड हे तांबूस रंग, सावलीत किंचित अल्ट्रामरीन निळा. काळपटपणा हवाच असेल तर जोत्याजवळ, जिथे पावसाचे शिंतोडे उडून शेवाळ धरतं, तिथे द्या. आणि पागोळीखालची सावली काळी नसते हो! रस्त्याची तांबडी माती खालून उजेड फेकते, तिथे सावली ऊबदार होते.

मापाचं म्हणाल तर मंगलोरी कौल हीच पट्टी. उतारावर एका ओळीचं उघडं अंतर साधारण ३२ सेंमी, रुंदी २१. ओळी मोजल्या की छपराचा उतार किती लांब ते कळतं. नळीची कौलं असतील तर हा हिशोब सोडून द्या. चौकोन आखून फोटो कागदावर मोठा करताना, फोटो १०×१५ सेंमीचा आणि कागद ४०×६०चा असेल तर १ सेंमीचा चौकोन कागदावर ४ सेंमीचा. चौकोन मारण्याआधी खांब बघा. कॅमेरा वर तिरपा धरलेला असला तर ते वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, आणि चौकोनांतून ती चूक चौपट होऊन कागदावर उतरते.

चित्रकाराला मोकळीक असते, बरोबर. मग खाली 'हुबेहूब' लिहू नये.

आता राग थोडा उतरलाय तर सांगतो, त्या चित्रातल्या दुकानाच्या फळ्या फार सुंदर आहेत. खोबणीत उभ्या सरकवलेल्या, एक फळी काढून बाजूला टेकवलेली, तिच्यावरचा ओळीचा आकडासुद्धा टिपलाय. ज्याला तो आकडा दिसला, त्याला भिंत दिसू नये याचंच वाईट वाटतं.

आणि पाटीवरची अक्षरं. फोटोत ती वाचता येत नसतील तर चित्रातही येऊ नयेत. रंगाचे पुसट फटकारे तेवढे द्यावेत. इथे कॉम्प्युटरच्या वळणात 'किराणा व भुसार' लिहिलंय.