माणूस घडतो तो दारापासून शंभर फुटांत

‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नावर आपण गावाचं नाव सांगतो आणि समोरचा लगेच अंदाज बांधतो: तिकडची माणसं फटकळ, इकडची मोकळी. मला हे हिशेब फार ढोबळ वाटतात. जागा माणूस घडवते हे खरंच. पण ते काम चालतं जिन्यात, दारासमोर, रस्त्याच्या कडेला.

सगळ्यात भक्कम पुरावा जुना आहे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे घर निवडायची सोय नव्हती, यादीत नंबर लागेल तसं मिळेल ते घ्यायचं. हे कळीचं आहे, कारण एरवी ‘सारख्या स्वभावाची माणसं आपणहून शेजारी येतात’ ही पळवाट उरतेच. एका मजल्यावर पाच घरं, लगतच्या दारांत अंतर १९ फूट. लगतच्या शेजाऱ्यांत घनिष्ठ मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के, मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. वरच्या मजल्यावर ओळखी जास्त कुणाच्या? खाली जिन्यालगत राहणाऱ्यांच्या.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त बोचतो. तिथली काही स्वतंत्र घरं मोकळ्या अंगणाभोवती मांडलेली होती. भाडेकरूंच्या संघटनेबद्दल एकेका अंगणाचं मत जवळजवळ एकच. वेगळा सूर निघाला तो बऱ्याचदा कोपऱ्यावरच्या, तोंड रस्त्याकडे असलेल्या घरांतून. म्हणजे दार कुणीकडे उघडतं यावर मत झुकतं, आणि आपण मात्र ते ‘माझं स्वतःचं’ म्हणून भांडतो.

आता रस्ता घ्या. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते तपासले. रोजची वाहनं सुमारे २,०००, ८,००० आणि १६,०००. शांत रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र, गजबजलेल्यावर ०.९. मुलाखती मोजक्याच होत्या, आणि तिन्ही रस्त्यांवरची माणसं सारखी नव्हती हेही खरं. आकडे कोरून ठेवू नयेत. पण ‘तुमचं घर कुठवर?’ असं विचारल्यावर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला मानला, गजबजलेल्यावरच्यांनी फार तर इमारत.

हे घरी करून बघा. कोऱ्या कागदावर आपलं दार काढा, मग आठवणीतून परिसर, आणि जिथवर कचरा पडलेला दिसला तर तुम्ही स्वतः उचलाल तिथवर रेघ मारा. मोबाइलवरचा नकाशा बघायचा नाही, नाहीतर हात त्याचीच नक्कल करतो. एका घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून काढा. रेघा जुळत नाहीत, कारण दिवसभर पायी फिरणारा आणि गाडीतून थेट बाहेर पडणारा एकाच पत्त्यावर राहूनही एका जागी राहत नसतात.

म्हणूनच पुनर्वसनात चौरस फुटांवर घासाघीस होते आणि शेजार कुणी मोजत नाही, याचा मला राग येतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराची वेस्ट एंड ही जुनी वस्ती पाडल्यावर मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी विस्थापितांना गाठलं. १९६३ च्या त्यांच्या लेखानुसार ४६ टक्के बायकांमध्ये आणि ३८ टक्के पुरुषांमध्ये दुःख बऱ्यापैकी तीव्र किंवा त्याहून जास्त होतं. ज्यांना जुना परिसर दूरवर माहीत होता, त्यांना जास्त. तेव्हा घरांची सोडत काढायचीच तर एकेका कुटुंबाची काढू नका. एका जिन्यावरची घरं एक गट धरा, गटाची चिठ्ठी टाका, आणि नव्या इमारतीत तो गट एकाच मजल्यावर ठेवा.