बिल्ल्याची कड आणि पाठ

ऐतिहासिक लढायांचे प्रसंग पुन्हा उभे करणारे आम्ही लोक गणवेशाचे कापड, बूट आणि पट्टे यांवर महिनोन्महिने खल करतो आणि बिल्ल्याचा प्रश्न मात्र ‘दिसतो ना तसाच?’ एवढ्यावर उरकतो. वास्तविक हा सैनिक कोणत्या तुकडीचा आणि कोणत्या काळातला, हे सर्वांत आधी बिल्लाच सांगतो.

ब्रिटिश टोपीवरचा बिल्ला घ्या. १९४४ सालच्या सैनिकाच्या बिल्ल्यावरील राजमुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल हव्यात. मध्यभागी दबलेल्या कमानींचा मुकुट राणी दुसरी एलिझाबेथ १९५२ मध्ये गादीवर आल्यानंतरचा आहे. तरीही १९४४ च्या नॉर्मंडी (फ्रान्स) चढाईच्या प्रयोगांत हा मुकुट किनाऱ्यावर उतरलेला मी अनेकदा पाहिला आहे. (राजे तिसरे चार्ल्स यांनी २०२२ मध्ये पुन्हा गोल कमानी स्वीकारल्या, त्यामुळे यापुढे अगदी कोरे बिल्लेही जुने म्हणून खपतील.) दुसरीकडे, युद्धकाळात धातू वाचवण्यासाठी ब्रिटनने खरोखरच काढलेले प्लास्टिकचे बिल्ले कोणी लावले, तर त्यालाच नकली ठरवून हसणारे आमच्यात आहेत.

माझी स्वतःची फजिती कापडी बिल्ल्याने केली. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचा (विमानातून छत्रीने उतरणाऱ्या सैन्याचा) गरुड मी दोन वर्षे अभिमानाने बाहीवर मिरवला. एका जाणत्या सहकाऱ्याने त्याच्या काठावरून नुसते नख फिरवले आणि ते अडखळले. काठ दोरीसारखा जाड, फुगीर, यंत्राने गुंडाळून शिवलेला होता. ही पद्धत रूढ झाली १९६० च्या दशकात. युद्धकाळातले बिल्ले भरतकाम झाल्यावर कडेने कापून घेत, म्हणून त्यांचा काठ चपटा असतो आणि कुठे कुठे धाग्याचे टोक सुटलेले दिसते. अतिनील दिव्याखाली माझा गरुड आधुनिक धाग्यासारखा निळसर चमकलाही, अर्थात आधुनिक साबणाने धुतलेला जुना सुती बिल्लाही तसाच चमकतो, तेव्हा त्या एका परीक्षेवर निकाल देऊ नये.

हेच बिल्ले त्या काळी अनेक कारखान्यांत होत, त्यामुळे एका गरुडाची जीभ लाल तर दुसऱ्याची पांढरी असे. म्हणून एका रांगेतल्या बारा जणांच्या बाहीवर टाक्यान् टाका सारखा गरुड असेल, तर प्रत्येक बिल्ला अचूक असूनही रांग मला खोटी वाटते.

मात्र नक्कल इतकी हुबेहूब साधली, की ती उद्या अस्सल म्हणून विकली जाण्याची वाटही मोकळी होते. त्यामुळे बनवणाऱ्याने पाठीमागे पुसता न येणारी खूण केलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खुणेने वस्तूचा अस्सलपणा जातो, ही तक्रार मला मुळीच पटत नाही, कारण ती बाजू शिवल्यावर बाहीत आणि लावल्यावर टोपीत लपते. जो विक्रेता एवढीही खूण करायला नकार देतो, त्याच्याकडून घेणे मी बंद केले आहे.